वेणीची मजुरी कुणी धरायची?

पत्र : ताई, मी २७ वर्षांची आहे. पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. माहेर कोल्हापूरजवळ. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी पायताणं होतात. आण्णा चामडं कापतात, तळ शिवतात. आई वेणी आणि पट्ट्यांचं काम करते. दोघांचे मिळून दोन दिवसांत तीन जोड होतात. जोडामागे सामानाचे ३२० रुपये जातात. व्यापारी ५५० देतो आणि तोच जोड दुकानात १,३०० ला लागतो. दिवाळीपासून मी फोनवर फोटो टाकून थेट विकायला लागले. ९०० सांगितले की लोक म्हणतात, ‘रस्त्यावर ३५० ला मिळते.’ आण्णा म्हणतात, ‘गिऱ्हाईक मोडू नये, दे सहाशेला.’ धाकटा भाऊ म्हणतो, रेक्झिनचा तयार माल आणून मधे मिसळू, कोण ओळखतंय! मिलानच्या फॅशन शोमधल्या प्राडाच्या चपलांच्या त्या प्रकरणापासून मैत्रिणी म्हणतात, नोकरी सोड आणि ब्रँड काढ. मला काही सुचत नाही. आणखी एक सांगते. ऑफिसात मी कधीच सांगितलेलं नाही की आमच्या घरी चपला करतात. ‘वडिलांचा छोटा बिझनेस आहे’ एवढंच म्हणते. काय करू?
– कोल्हापूरची एक लेक

उत्तर :

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या पत्रात चार प्रश्न आहेत, पण मला सगळ्यांच्या बुडाशी एकच गोष्ट दिसते. तू हिशेबाचं काम करतेस, तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू.

व्यापाऱ्याचे ५५०, त्यातून सामानाचे ३२० वजा केले की हातात राहतात २३०. तीन जोडांचे ६९०. आण्णांच्या मनातला हिशेब बहुधा असा असेल : दोन दिवसांत ६९०, म्हणजे दिवसाला ३४५ पडले, फार नाहीत, पण घर चालतं. हा हिशेब बरा दिसतो, कारण त्यात आई धरलेलीच नाही. आई धर. दोन माणसं, दोन दिवस, म्हणजे चार रोज. ६९० भागिले चार. एका माणसाला दिवसाचे १७२ रुपये पडतात. २०२५-२६ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी ३१२ रुपये होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब असलेले दोन हात दिवसभर राबून त्याच्या निम्म्याच्या थोडं वर कमावतात. आण्णा ‘दे सहाशेला’ म्हणतात, तेव्हा हा रोज, म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी, १७२ वरून २१० वर जातो, बस्स.

कोल्हापुरी लांबून ओळखू येते ती कशावरून? कापीव तळ आहेच, पण पहिली नजर जाते ती वेणीवर. चामड्याच्या बारीक वाद्या काढून एकसारखी, घट्ट, कुठे न फुगणारी वेणी घालणं हे बायकांचं काम, आणि ते घरातच चालतं. चूल, पाणी, नातवंडं सांभाळून मधल्या वेळात केलं जातं, म्हणून त्याला काम म्हणायची सवयच कुणाला नाही. रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, चालवली की धंदा आणि वेणी घातली की ‘घरच्यांचा हातभार’, असं या व्यवसायात फार वर्षं चालत आलंय. बाजारातला भाव पडतो त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण आपण आपल्याच घरात निम्मी मजुरी शून्य लावली तर गिऱ्हाइकाला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा?

तुमच्या समाजात हरळय्यांची कथा तुला नक्की माहीत असेल. बसवण्णांच्या काळातली, बाराव्या शतकातली. बसवण्णांनी आपल्याला उलटा नमस्कार केला, या भाराने हरळय्यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे त्यांच्यासाठी केले. त्या कथेत एका पायाचं कातडं हरळय्यांचं आहे आणि दुसऱ्या पायाचं त्यांच्या बायकोचं, कल्याणम्मांचं. ही कथा सांगणाऱ्यांनी तिला वगळलं नाही. तुमच्या वहीतही ती वगळली जाऊ नये.

तर पहिलं काम हे. एक साधी वही घे. दोन महिने रोज लिही, किंवा भावाला लिहायला लाव : आण्णा किती तास बसले, आई किती तास बसली, किती जोड झाले, किती चामडं वाया गेलं. आईचे तास ती सांगेल त्यापेक्षा जास्तच निघतील, कारण ती ‘जरा बसले होते’ असं म्हणते. घड्याळ लावून लिहा. वही भरली की मगच किंमत ठरव. मी एक अंदाज मांडून दाखवते. दोघांचा रोज प्रत्येकी ६०० धर. कुशल हाताला मी हा आकडा मुद्दाम बेताचाच धरलाय. चार रोजांचे २,४००, जोडामागे ८००. सामानाचे ३२० मिळवले की ११२० झाले. वाया गेलेलं चामडं, रापी-आरीची धार, दिवाबत्ती, खोकं, बांधणी, यांचे १३०. तू रात्री जागून फोटो टाकतेस, गिऱ्हाइकांशी बोलतेस, त्या वेळेचे १५०. एकूण १,४०० रुपये, कुरियर वेगळं. तुझे ९०० हे मुळातच कमी होते. सामान आणि आई-आण्णांचा रोज यांनाच ते पुरत नाहीत. खोकं, कुरियर आणि तुझ्या रात्री सगळ्या फुकट जातात.

आण्णांशी वाद घालू नकोस. ‘गिऱ्हाईक मोडू नये’ हे त्यांचं म्हणणं उगाच आलेलं नाही. ज्या माणसाने पावसाळ्यात माल पडून राहिलेला पाहिलाय, त्याला आलेलं गिऱ्हाईक परत जाताना बघवत नाही. त्यांना भाषण नको, वही दाखव. आईचा रकाना आईसमोर वाच. पुढचं त्या दोघांचं बोलणं त्यांना करू दे.

आता त्या ३५० वाल्या गिऱ्हाइकाचं. आधी हे मनाशी पक्कं कर की ३५० ला मिळते ती चप्पल खोटी नाही, ती दुसरी वस्तू आहे. रस्त्यावर विकणारा माणूसही पोटासाठीच उभा असतो, त्याला नावं ठेवून आपली वस्तू मोठी होत नाही. उत्तर थोडक्यात दे : ‘ती रेक्झिनची किंवा यंत्रावरची असेल. ही बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली आहे. आमची किंमत ही आहे.’ एवढं लिहून थांब. तिसऱ्यांदा घासाघीस करणाऱ्याला ‘पुन्हा कधी लागली तर नक्की कळवा’ म्हण आणि पुढच्याकडे वळ. शंभरातले पुष्कळ जण जातील. तुमचे दोन दिवसांत तीनच जोड होतात, म्हणजे महिन्याला जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. तेवढ्याच माणसांपर्यंत तुला पोचायचंय. सगळ्या जगाला परवडेल असा भाव लावायची गरज कारखान्याला असते, तुम्हाला नाही.

पण १,४०० मागायचे तर समोरच्याला ती वस्तू नीट दाखवावीही लागेल, आणि इथे तुझं काम अजून कच्चं आहे असं मला वाटतं. लोक नुसता वरून काढलेला फोटो टाकतात. तू चप्पल उलटी करून तळ दाखव, कडेने चामड्याचे थर दाखव, चामड्याच्या वादीने घातलेले टाके जवळून दाखव, कुठे खिळा नाही हे दाखव. कापशी आहे की पुकरी की बक्कलनळी, त्या प्रकाराचं नाव लिही. कोणत्या जनावराचं चामडं कुठे वापरलंय तेही लिही. काही जणांना ते चालत नाही, आणि त्यांना आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे. आई तयार असेल तर वेणी घालतानाचा छोटा व्हिडिओ कर. तिला नको असेल तर आग्रह करू नकोस, नुसते हात दाखवूनही भागतं.

मापाची भानगड तुला फार त्रास देणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. बुटाचा नंबर विचारून कोल्हापुरी पाठवू नकोस. कोऱ्या कागदावर पाय ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवायला सांग, लांबी आणि चवड्याची रुंदी मोजून मागव, दोन्ही पायांची. आण्णांच्या पिढीला ही रीत नवी नाही. पैसे आधी घे. घरी पोचल्यावर पैसे देणाऱ्यांपैकी काही जण माल परतवतात आणि दोन्हीकडचं कुरियर तुमच्या अंगावर पडतं. जोडाबरोबर एक चिठ्ठी घाल : नवी चप्पल सुरुवातीला कडक लागते, आतून बोट फिरवून थोडं तेल लावा, पहिले काही दिवस घरातच वापरा, पाण्यात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको. पहिल्याच दिवशी चप्पल चावली म्हणून चिडणारी माणसं या चिठ्ठीने निम्मी होतील.

त्या चिठ्ठीत शेवटी लिही की टाका उसवला, अंगठा सुटला तर पाठवून द्या, दुरुस्त करून देऊ. फुकट नको, रास्त पैसे घ्या. रेक्झिनची चप्पल तुटली की बहुतेक कचऱ्यात जाते. तुमची पुन्हा शिवता येते. १,४०० का, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

भावाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. मिसळायचं नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांसाठी ते आहे. आपल्या बाजूने संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि पलीकडे कर्नाटकचं लिडकर महामंडळ यांच्या नावावर ते नोंदलेलं आहे. मानांकन असलेल्या नावाने खोटा माल विकणं हा १९९९ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. आणि कायद्याचं सोड. दहा जोडांत दोन रेक्झिनचे निघाले, की उरलेल्या आठांवरची आईची वेणीही लोकांना खोटीच वाटणार.

तरी तुझा भाऊ वाईट मुलगा आहे असं मी म्हणणार नाही. घरातला पैसा वाढत नाही हे त्याला दिसतंय. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला, तेव्हापासून चामड्याची ओढाताण तुमच्या घराने सोसलीच असेल. तिच्यात वाढलेला मुलगा दुसरी वाट शोधणारच. त्याला खरंच फॅन्सी, स्वस्त माल विकायचा असेल तर वेगळ्या नावाने, वेगळ्या खात्यावर, ‘कोल्हापुरी’ हा शब्द न लावता विकू दे. नाहीतर वर सांगितलेलं मापाचं, बांधणीचं, दुरुस्तीचं काम त्याच्याकडे दे आणि त्याचाही रोज धर. वहीत आणखी एक रकाना.

मानांकनाचा विषय निघालाय तर आणखी एक. मानांकन महामंडळांच्या नावावर असलं तरी प्रत्यक्ष चप्पल करणारा कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घेऊ शकतो. महामंडळाच्या कार्यालयात जा, कागद काय लागतात ते विचार आणि अर्ज आण्णांचा एकट्याचा करू नकोस, आईचाही कर. अलीकडे महामंडळाने जोडांवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली आहे, त्यात चप्पल कुणी केली तेही कळतं. तिथेही दोन्ही नावं लागतील असं बघ.

पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत चर्मकार आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप आहे. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला घेता येते. कुणाच्या नावाने करायची ते आई-आण्णांनी बसून ठरवावं. मला विचारशील तर आईचं नाव आधी विचारात घ्या. तिचं कसब कागदावर यायची ही बहुधा पहिलीच वेळ असेल.

कर्जाचं बोलले ते व्यापाऱ्यामुळे. तू लिहिलेलं नाहीस, पण मला शंका आहे की आण्णांनी त्याच्याकडून उचल घेतलेली असणार. पावसाळ्यात कोल्हापुरीला मागणी नसते, तेव्हा घर उचलीवर चालतं आणि मग दिवाळी-लग्नसराईत भाव बोलायला तोंड उरत नाही. उचल असेल तर ती किती, ते आधी विचार. ती फेडल्याशिवाय व्यापाऱ्याशी तोडू नका. फेडल्यावरही एकदम तोडू नका. तो अडीअडचणीला माल उचलतो, हे विसरून चालत नाही. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा माल थेट विका, बाकी त्याला द्या. थेट विक्री जमली की त्याच्याशीही ५५० वर पुन्हा बोलता येईल, कारण तेव्हा आण्णांना नाही म्हणता येईल. कर्ज काढलंत तर चामडं पावसाळ्याआधी रोखीने भरून ठेवण्यापुरतं आणि अवजारांपुरतं काढा. पूर्ण लाख घ्यायलाच हवेत असं नाही.

नोकरी सोडू नकोस. निदान एक सबंध वर्ष तरी, एक पावसाळा धरून. तुझ्या पगाराने घराला जो टेकू आहे त्याच्या जोरावरच तू गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणू शकतेस. चाळीस-पंचेचाळीस जोडांत आज चौथ्या पूर्णवेळ माणसाचा पगार निघत नाही. वर्षाअखेरीस वहीत आई, आण्णा आणि भावाचा रोज निघून तुझ्यासाठी काही उरतंय का ते बघ, मग पुन्हा विचार कर. जीएसटीचे नियमही तोवर नीट पाहून ठेव, विशेषतः राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर. ते तुझंच क्षेत्र आहे.

मिलानबद्दल फार लिहीत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने तिथल्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. हक्क ज्यांच्या नावावर नोंदलेला आहे त्यांनी दाद मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. नोंदणी का महत्त्वाची हे यावरून समज. पुढे डिसेंबरमध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार करून २,००० जोड इथे करून घेणार असल्याचं जाहीर केलं. त्यातलं काम तुमच्या गल्लीत आलं तर जरूर करा, पण रोज आधी ठरवून. त्या बातमीच्या भरात नोकरी सोडून ब्रँड काढू नकोस.

आणि ऑफिसचं. याच्याबद्दल मी तुला ‘अभिमानाने सांग’ असा हुकूम सोडणार नाही. चामड्याच्या कामाला चिकटलेली जात आणि तिच्याबद्दल लोकांच्या डोळ्यांत येणारा तो क्षणभराचा बदल तू लहानपणापासून पाहिलेला असणार. ज्यांना तो सोसावा लागत नाही त्यांनी तुला धीटपणा शिकवू नये. ‘छोटा बिझनेस’ म्हणालीस यात खोटं काही नाही आणि अपराधी वाटून घेण्यासारखंही काही नाही. लाज असलीच तर ती वस्तू मिरवणाऱ्या आणि करणाऱ्याला दूर ठेवणाऱ्यांची आहे. तुमच्याच कोल्हापुरात शाहू महाराज अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा प्यायचे. तेव्हाही प्रश्न गंगारामांच्या चहाचा नव्हता, इतरांच्या नजरेचा होता, आणि त्या नजरेला उत्तर द्यायची जबाबदारी महाराजांनी स्वतः घेतली, गंगारामांवर टाकली नाही.

तेव्हा सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे तुझं तू ठरव. फक्त व्यवहाराची एक गोष्ट लक्षात घे. तू आई-आण्णांच्या नावाने विकणार असशील तर ते कधीतरी ऑफिसात कळणारच. ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ज्या एक-दोन जणींवर तुझा विश्वास आहे त्यांना तू आधी सांगितलेलं तुलाच सोपं जाईल. जमेल तेव्हा.

दोन महिन्यांनी वही भरली की मला पुन्हा लिही. त्यात आईचे तास किती निघाले आणि तिचा रोज शेवटी कितीला ठरला, ते आधी कळव.